हॉबर्ट टिडवेलच्या स्टील गिटारचा वारस

लिहून ठेवणार हॉबर्ट ली टिडवेल, वय वर्षे शहात्तर, धंदा स्टील गिटार वाजवणे, राहणार सल्फर क्रीक रस्ता, मुक्काम पायनी फ्लॅट, राज्य टेनेसी. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितलं ते मला नीट समजलं आहे. हा कागद मी कोणाच्या दडपणाखाली किंवा व्हिस्कीच्या अमलाखाली लिहीत नाही. राग मात्र आहे. रागाच्या भरात केलेलं मृत्युपत्र चालतं का, असं मी कोर्टातल्या कारकून बाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "न चालायला काय झालं? तसं असतं तर आमच्या कपाटातलं एकही टिकलं नसतं."

सन दोन हजार पंधरामध्ये केलेलं माझं आधीचं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात माझी काळी स्टील गिटार मी माझा पुतण्या गार्लंड टिडवेल याला दिली होती. ती आता त्याला मिळणार नाही. कारण पुढे येईल, तोवर त्याने धीर धरावा.

कलम पहिले. घर आणि घरामागची अकरा एकर जमीन गार्लंडलाच मिळावी. हे घर त्याच्या वडिलांनी आणि मी मिळून उभं केलं, आणि छप्पर ठोकताना त्याचे वडील दोनदा खाली पडले. कान नाही म्हणून माणसाला छप्पर नाकारता येत नाही. उत्तरेकडच्या खोलीत गळतं. ते मी तीस वर्षांत दुरुस्त केलं नाही, त्यानेही केलं नाही तरी चालेल.

कलम दुसरे. पिकअप गाडी आमच्या चर्चला द्यावी. मेबल कुत्री जिथे जाईल तिथे तिला जाऊ द्यावं. तिने जन्मात माझं ऐकलं नाही, कागदाचं काय ऐकणार?

कलम तिसरे. श्रीमती रेलीन स्टबलफील्ड, गायिका, यांना माझ्या भिंतीवरची चौकटीतली, अल्बमच्या खपाबद्दल मिळालेली सोनेरी तबकडी परत करावी. सोबत चिठ्ठी नको. त्यांना कळेल.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहितो. सन एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेत एकवीस वर्षांची एक पोर मागून आणलेले बूट घालून स्टेजवर चढली आणि तिच्यामागे वाजवायला मला बसवलं. त्या दिवसापासून तिचे चौदा अल्बम झाले. चौदाहीवर स्टील माझी आहे. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ते मांडीवर घेत नाहीत, टेबलासारखं चार पायांवर आडवं उभं असतं. उजव्या हातात नख्या, डाव्या हातात स्टीलची कांडी, खाली पेडल. कांडी तारेवरून सरकवली की मींड निघते, आणि त्या मींडेवर लोक पस्तीस वर्षं रडत आले आहेत. रेलीन शब्द गाते. रडायचं कुठे ते मी सांगतो. हे मी म्हणत नाही, तीच मुलाखतींमधून म्हणायची.

यंदा फेब्रुवारीत तिचा फोन आला. "नवा अल्बम करतेय हॉबर्ट, तारा बदलून ठेव." मी त्याच दिवशी दहाच्या दहा तारा बदलल्या. मार्च गेला, एप्रिल गेला. मी रोज तासभर हात बसवत होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात क्लोव्हिस न्हाव्याच्या दुकानात तोंडाला साबण लावून बसलो होतो. रेडिओवर रेलीनचं नवं गाणं लागलं आणि त्यात माझी स्टील वाजू लागली. मी न वाजवलेली. क्लोव्हिस वस्तरा थांबवून म्हणाला, "अरे लेका, काय वाजवलंयस!" तोंडावर साबण होता म्हणून बरं.

घरी येऊन मी रेलीनला फोन लावला. तिने काही लपवलं नाही, हे मी नोंदवतो. नव्या निर्मात्याने चौदा अल्बमच्या जुन्या टेपांमधून माझे सूर कापून काढले, कॉम्प्युटरला दिले, आणि कॉम्प्युटरने ते नव्या गाण्यांत शिवून दिले.

"तुला त्रास नको म्हणून केलं रे," ती म्हणाली. "तुझं हृदय असं."

"हृदय माझं आजारी आहे. हात धड आहेत."

"पण तूच तर आहेस तो! सगळे सूर तुझेच आहेत. नावसुद्धा तुझंच छापलंय. उलट आणखी साफ झालंय, तूच ऐक ना."

"मला विचारलं का नाहीस?"

यावर ती म्हणाली, "तू नाही म्हणाला असतास." पस्तीस वर्षांत ती माझ्याशी यापेक्षा खरं काही बोलली नसेल. मी फोन ठेवला. तिला मी माफ केलेलं नाही, आणि या कागदान्वये मेल्यानंतरही करत नाही.

कलम चौथे. हे श्रोत्यांबद्दल आहे. श्रोत्यांना देण्यासारखं माझ्यापाशी आता काही उरलेलं नाही, पण गार्लंडला गिटार का नाही याचं कारण इथे आहे.

आमच्याकडे शनिवारी सकाळी डब कॅसलबेरी रेडिओवर लोकांचे फोन घेतो. कोणाला कोंबड्या विकायच्या असतात, कोणाला जुना फ्रीज, आणि नवा अल्बम आला की त्यावरची मतंही लोक तिथेच देतात. जूनभर रेलीनच्या अल्बमवर मतं चालली होती. पेट्रोल पंपावरची बाई म्हणाली, हॉबर्ट इतका गोड कधी वाजलाच नव्हता. गवताचे भारे विकणारा एक जण म्हणाला, ती दुसरी चाल ऐकून मला ट्रॅक्टर थांबवावा लागला. आमच्या पाद्रीबुवांनीही फोन केला. आमच्या चर्चमध्ये वाद्याला मज्जाव आहे, पण रेडिओवर त्यांना चालतं. ते म्हणाले, "म्हातारपणी देवाने त्याच्या हाताला गोडी दिली." हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला गेलो तर तिघांनी हात दाबला. खानावळीत कोणीतरी माझ्या टेबलावर खोबऱ्याचा केक पाठवला. तो मी खाल्ला, हेही कबूल करतो.

पस्तीस वर्षं मी एकाच समजुतीवर जगलो. लोक म्हणायचे, हॉबर्टचा एक सूर ऐकला की अंधारातही ओळखू, आणि मी ते खरं मानलं. आता माझ्या नावाने मढं नाचवलं तरी हे टाळ्या वाजवत होते.

शेवटी एका शनिवारी मीच फोन लावला. तोंडावर रुमाल धरला, नाव सांगितलं लेस्टर, राहणार शेजारची काउंटी.

"बोला लेस्टरराव," डब म्हणाला. "काय विकायचंय?"

"विकायचं काही नाही. त्या अल्बममधली स्टील बरोबर नाही. नीट ऐका सगळे. माणसाने वाजवल्यासारखी वाटत नाही ती."

"लेस्टरराव, तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा बुवा. इथे पायनी फ्लॅटमध्ये असलं बोललात तर मार खाल!"

पुढचा फोन गार्लंडचा होता. मी त्याला अकरा वर्षं शिकवलं आहे. माझ्या शेजारी बसून, माझ्या पायाकडे बघत तो शिकला.

"कोण हो हा लेस्टर?" तो ओरडत होता. "हॉबर्टकाकांचा हात मी डोळे बांधून ओळखीन. सांगतो ते ऐका, काकांनी उभ्या आयुष्यात इतकं शुद्ध वाजवलं नव्हतं. कुठे इकडचं तिकडे नाही. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, दुसरं काय!"

मी स्वयंपाकघरात फोन हातात धरून बसलो होतो. माझी बाजू घेऊन असं कोणी कधी भांडलं नव्हतं, आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं. जो आपण होऊन मला येऊन सांगेल की हा तू नाहीस, गिटार त्याची. मी चार महिने वाट पाहिली. काहींना तर मुद्दाम विचारलं, स्टील कशी वाटली म्हणून. सगळे म्हणाले, उत्तम.

गार्लंड, तुझ्यावर माझा लोभ आहे. म्हणूनच तुला घर दिलं. पण गिटार ऐकणाऱ्याला द्यायची असते.

कलम पाचवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डब कॅसलबेरी याने करावी, कारण त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. लेस्टरची माफी त्याने रेडिओवरून मागावी. लेस्टर कोण, हे सांगायचं की नाही ते त्याच्यावर सोडतो.

कलम सहावे. माझ्या अंत्यविधीला रेलीन येईल. तिला येऊ द्यावं, बसू द्यावं, जेवू घालावं. तिला एकटीला गाऊ देऊ नये. सगळ्यांबरोबर गायचं असेल तर गावं, आणि सगळ्यांइतक्याच आवाजात.

कलम सातवे, आणि हेच मुख्य. माझी काळी स्टील गिटार, तिची पेटी, कांडी आणि नख्या यांची मालकी माझी पूर्वीची पत्नी श्रीमती इमोजीन प्रुएट हिला मिळावी. आमचं लग्न सन एक्याऐंशीत झालं आणि दोन हजार सहामध्ये मोडलं. तिला हे वाद्य कधीही आवडलं नाही. हे सारं गाव जाणतं, म्हणून कोणी हे कलम चुकीने लिहिलं असं म्हणू नये.

ऑक्टोबरच्या बारा तारखेला ती दरवर्षीसारखी सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी द्यायला आली. दारातच उभी राहून म्हणाली, "ते रेडिओवर वाजतंय ते तू नाहीस."

मी खाली बसलो. म्हटलं, "कशावरून?"

"तू कधी वेळेवर आलायस का?" ती म्हणाली. "रेलीन ओळ संपवते, श्वास घेते, तो श्वास पुरता आत गेला की मग तू शिरतोस. कायम. त्याआधी तारेला हात नाही लावायचास तू. या नव्या गाण्यांत स्टील तिच्या श्वासावरच येऊन बसतेय. दोनदा तर तिला तोडलंय. मशीन तरी असेल, नाहीतर कुणीतरी शिकाऊ पोरगं."

मी असं करतो हे मला ठाऊक नव्हतं. माझी खूण म्हणजे माझी मींड, असं मी समजत होतो. कॉम्प्युटरने मींड जशीच्या तशी उचलली होती. नंतर मी जुने अल्बम लावून पाहिले. इमोजीनचं अक्षर न् अक्षर खरं आहे.

मी तिला म्हणालो, "तुला हे कसं कळलं? तू तर कधी ऐकतही नव्हतीस."

"ती रेलीन आल्यापासून सतरा वर्षं पलीकडे भांडी घासत होते ना मी! दुसरं काय ऐकणार? त्या बाईच्या एकेका श्वासाला थांबायचास. माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस, हॉबर्ट. मी तोंड उघडलं की तुझा हात तारेवर."

"आमच्यात तसलं काही नव्हतं, इमोजीन."

"ठाऊक आहे मला. असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

चार महिने मी मनातल्या मनात गावभर ओरडत फिरत होतो की माझा विश्वासघात झाला. तो झालाच आहे, कलम तीन आणि चार मी खोडत नाही. पण इमोजीनचा विश्वासघात सतरा वर्षं याच घरात रोज होत होता, आणि तो करणारा शेजारच्या खोलीत बसून रेलीनची वाट पाहत होता. हे लिहिताना मला लाज वाटते.

गिटार तुला देणार म्हटल्यावर ती म्हणाली, "मला नको तो सांगाडा. दिलास तर कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू लावीन." तिने खुशाल लावावा. तो तिचा पूर्ण अधिकार आहे, आणि गार्लंडने किंवा कोणीही मध्ये पडू नये.

त्या दिवशी ती जेवणवेळेपर्यंत बोलत होती. मी एकदाही मध्ये बोललो नाही. एकच गोष्ट विचारली, तीही ती थांबल्यावर. सन चौऱ्याण्णवमध्ये एका दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात आली होती, ओला हात कमरेला बांधलेल्या फडक्याला पुसत, आणि मी वर न बघता हात करून तिला थांबवलं होतं. एवढं गाणं होऊ दे, म्हणालो होतो. गाणं झालं तेव्हा ती दारात नव्हती. "त्या दिवशी काय सांगायला आली होतीस?" मी विचारलं.

"आता आठवत नाही," ती म्हणाली, आणि रिकाम्या बरण्या उचलून निघाली.

तिला आठवत असावं असं मला वाटतं. म्हणून या कलमाला एवढं जोडतो. हे मृत्युपत्र मी गेल्यावर लागू होईल, पण गिटारच्या तारा मी आजच सैल करून ती पेटीत बंद केली आहे. घरात आता काही वाजत नाही. आठवलं तर इमोजीनने यावं. दुपारी मी घरीच असतो.

सही : हॉबर्ट ली टिडवेल

वरील सही हॉबर्ट टिडवेल यांनी आम्हा दोघांच्या देखत केली. आम्हाला या कागदान्वये काही मिळायचं नाही. मजकूर आम्हाला त्यांनी वाचू दिला नाही.

साक्षीदार :
१. क्लोव्हिस लेडबेटर, न्हावी, पायनी फ्लॅट
२. वांडा सू हॅगूड, टपाल वाटप, पायनी फ्लॅट

स्थळ : क्लोव्हिसचं दुकान, पायनी फ्लॅट, टेनेसी
दिनांक : चौदा ऑक्टोबर, दोन हजार चोवीस