पस्तिसावा आठवडा

२ जून
पोचले एकदाची! बोटीने पोट असं घुसळलं की आत बाळानेही कुरकुर केली. उत्तरेकडच्या या बेटावरची म्हातारी सुईण हेर्डिस धक्क्यावर न्यायला आली होती. वर वॉफल आणि तपकिरी चीज खाऊ घातलं. उन्हाळाभर मी तिच्या मदतीला, शिकाऊ सुईण म्हणून. मला स्वतःला तिसावा आठवडा, तारीख ११ ऑगस्ट, म्हणून तिने लगेच माझंही कार्ड भरलं, पेन्सिलने. शाईने का नाही विचारलं, तर म्हणाली, पोरं कुठे आपलं ऐकतात गं!

९ जून
गुनवोर नावाची बाई आली. आधी एकदाही सोनोग्राफी केली नाही म्हणाली. बाळाच्या मापांवरून पस्तीस आठवडे. मांडीचं हाड सदुसष्ट मिलिमीटर.

२३ जून
गुनवोर पुन्हा. पुन्हा सदुसष्ट. दोन आठवड्यांत तसूभर वाढ नाही? बाळ आत खुंटलं असेल तर लगेच सोडवायला हवं. हेर्डिस हसली. शेवटी शेवटी माप तीन आठवडे इकडेतिकडे होतंच म्हणे, तारीख ढकल पुढे. मी नवखी, ढकलली. माझीच मला लाज वाटते.

७ जुलै
तिसऱ्यांदा सदुसष्ट. मी कपाट उचकलं. गुनवोरच्या कार्डांचा हा एवढा गठ्ठा! सगळ्यात जुनं तीस वर्षांपूर्वीचं. प्रत्येकावर सदुसष्ट, प्रत्येकावर तारीख खोडून पुढे. गुनवोरला विचारलं, तर पोटावरून हात फिरवत म्हणाली, पोरगी म्हणते, एकटीला यायचं नाही, सोबत हवी. आणि माझ्या पोटाकडे बघत राहिली.
मग दार लावून स्वतःचं मोजलं. पस्तीस आठवडे, सदुसष्ट. बरोबर आहे. माझं बरोबरच आहे.

२१ जुलै
सदुसष्ट. तीनदा मोजलं. इथे रात्रीसुद्धा ऊन मावळत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही.

४ ऑगस्ट
सदुसष्ट — शहरातल्या हॉस्पिटलला फोन केला, बोट पाठवा म्हणून रडले. त्यांनी कार्ड काय म्हणतं विचारलं. हेर्डिसने वाचून दाखवलं, पस्तीस. मग घाई कसली, म्हणाले. कार्डावर माझी तारीख खोडून पुढची लिहिलीय. अक्षर माझं — मी कधी —

११ ऑगस्ट
लाथा मारतंय. बाहेर यायचंय त्याला, मला कळतं ना! इथे शाईने लिहून ठेवते, कुणाला खोडता येऊ नये. हेर्डिस केसांवरून हात फिरवतेय. गुनवोर शेजारी बसलीय, म्हणते, आज काय विशेष? आहे ना. होतं काहीतरी. माझी तारीख — माझी तारीख होती —