लाकूड निरोगी

३ नोव्हेंबर, पांढरकवडा
पोचले एकदाची! एसटीनं कंबर मोडली, पण जागा छान आहे. हायवेला लागून गोदाम, जुन्या फर्निचरनं गच्च. रिटायर झाल्यावर कोण देतं हो काम? गोदामाच्या मालकानं, सलीलनं दिलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची : लाकूड कोणतं, पाय कातीव की वाघाच्या पंजाचे, पाठीला वेत की जाळीकाम, पितळेची फुलं मूळची की मागाहून ठोकलेली. शेवटी, खोट काय. आधीच्या इंदुताई काम अर्धवट टाकून गेल्या म्हणे. त्यांच्या खुर्चीत पिवळा भुसा होता, झटकला.

७ नोव्हेंबर
पॉलिशवाली भुरीबाई घुणाची, लाकूड पोखरणाऱ्या किड्याची, भोकं मेणानं बुजवते. शोधून सापडत नाहीत. पण रोज तिचं एकच पालुपद, की बाई, मेण म्या भरलं तरी खोट तुमी लिहजा, नाही त ते लिहिणाऱ्याले लागते. बरं बाई, म्हटलं.

११ नोव्हेंबर
जीव आंबून गेलाय. चाळीस चिठ्ठ्या बाकी, ट्रक उद्या हैदराबादला. कोण वाकून भोकं बघत बसतंय! चाळिसांवर एकच ओळ उतरवली : लाकूड निरोगी, खोट नाही. हुश्श.

१४ नोव्हेंबर
उजव्या मनगटावर टाचणीएवढं भोक. दुखत नाही, रक्त नाही. वहीवर पिवळी पूड पडते. फुंकली तरी पुन्हा पडते.

१५ नोव्हेंबर
सात झाली. भुरीबाईला दाखवली. इंदुताईंचंही असंच झालं होतं म्हणे. कायले खोटं लिहलं, म्हणून रडली. चिठ्ठी बदलली त भोक बुजते म्हणाली. त्या चाळिसांतलं एक स्टूल ट्रकमध्ये मावलं नव्हतं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं, घुण आहे. एक भोक खरंच बुजलं. देवा! पण बाकीच्या एकोणचाळीस—

१६ नोव्हेंबर
सलीलला फोन केला. सगळं विकलं गेलं, गिऱ्हाइकांचे पत्ते नाहीत म्हणाला. वर माझ्यावरच चिडला. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१८ नोव्हेंबर
एकोणचाळीस. भुरीबाईनं मेण भरलं. बाहेरून कळत नाही. आत कुरतडणं ऐकू येतं — जेवताना, बोलताना —

१९ नोव्हेंबर
बोटं वळत नाहीत. करंगळी — भुरीबाईनं झाडून सुपलीत —

२० नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितेय. माझीच चिठ्ठी. खरी लिहिली तर कदाचित —
रजनी. वय एकोणसाठ. पाय मूळचे. पाठ वाकलेली, जुनीच. भोकं एकोणचाळीस, मेणानं बुजवलेली. घुण आहे. खोट लपवली मीच, चाळीस वेळा, नुसत्या कंटाळ्या—