जॅकवेलमधून आलेली ओळ

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची! कोरेगावहून मिरजेपर्यंत रेल्वे, पुढे आप्पासोंची जीप. आप्पासो म्हणजे इथल्या उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन. माझं काम सोपं: नदीकाठच्या जॅकवेलवरची, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवरची, मोटार कॉम्प्युटरवरून चालू-बंद करून दाखवायची. खोली झकास आहे, समोर कृष्णा, बाकी सगळा ऊस. पंपावर आकारामदादा एकटेच. जाळी साफ करायला विहिरीत उतरताना ते डोक्यावरची टोपी स्टार्टरच्या दांड्याला अडकवतात. टोपी दिसली की माणूस खाली हाय, मोटारीला कुणी हात लावायचा न्हाई, असं पहिल्याच चहाला त्यांनी मला बजावलं.

४ फेब्रुवारी
दिवसभर स्क्रीनवर नुसता कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं. ही कानडी हाय का, असं आकारामदादांनी विचारलं. लय हसले मी! शेवटी सापडलं. मोटारीला जोडलेला बोर्ड ९६०० च्या वेगाने बोलतोय आणि माझा लिनक्स ११५२०० ने ऐकत बसलाय. गाढव मीच. वेग जुळवला आणि पाण्याची पातळी स्वच्छ उमटायला लागली. एकच गोष्ट खटकली. कॉम्प्युटरवर टर्मिनल, म्हणजे बोर्डाशी बोलायची खिडकी, उघडलं की बोर्ड रीसेट होतो आणि मोटार सेकंदभर सुटते, आपोआप चालू होते. उद्या बघते.

५ फेब्रुवारी
पातळीच्या आकड्यांत मधेच एक ओळ आली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी: खाली हाय.
बोर्डातला प्रोग्राम मी लिहिलाय. त्यात असली ओळ नाही. आकारामदादांची चेष्टा म्हणावी, तर त्यांना साधा मेसेजसुद्धा नातीकडून लिहून घ्यावा लागतो. मी डेटाची वायर काढली.
तरी आली.

६ फेब्रुवारी
आप्पासोंना विचारलं. आधी उडवून लावलं, मग हळू आवाजात सांगितलं. गेल्या वर्षी पंपावर नानासो होते. ते विहिरीत असताना मोटार आपोआप सुटली. टोपी दांड्यालाच होती, स्टार्टरला कुणी शिवलं नव्हतं. नानासो जाळीशी सापडले. तेव्हाचा इंजिनिअर, तोही माझ्यासारखाच मोटार कॉम्प्युटरला जोडायला आलेला, त्याच दिवशी गाव सोडून गेला.
तेव्हा माझ्या लक्षात आलं. मोटार आपोआप सुटली नव्हती. वर बसून त्या इंजिनिअरने टर्मिनल उघडलं होतं. कॉम्प्युटरला टोपी कुठून दिसणार! आणि उद्या आकारामदादा उतरणार आहेत. माझ्या हातून तसं काही झालं तर —

७ फेब्रुवारी, सकाळ
मेन स्विच पाडला. मोटार सोडणाऱ्या रिलेची वायर काढून खिशात घातली. आता बिनधास्त उतरा म्हटलं. माझ्या शब्दावर उतरले ते.

मी विहिरीजवळच बसलेय. स्क्रीनवर परत. खाली हाय.

मग — वर कोन हाय?

मी पण वेडी. उत्तर टाइप केलं. इंजिनिअर.

आकडे थांबले.

तूच व्हय. आलो.

लोखंडी शिडी वाजतेय. आकारामदादाच असणार. आले बाई सुखरूप —

नाही. त्यांचा आवाज खालून येतोय, अजून तळातून. मॅडम, शिडीवर कोन चढतंय म्हणून ओरडतायत —

विहिरीच्या काठावर हात आला. पांढरा, फुगलेला. दुसराही —

नानासो, आवं तो मी नव्हे, तो दुसरा इंजि