गोळ्यांच्या डबीतला स्क्रू

बाबा,

तुमचा डोळा लागलाय, म्हणून लिहून ठेवतेय. गोळ्यांच्या डबीत सोमवारच्या कप्प्यात बारका स्क्रू राहिलाय. गोळी समजून गिळू नका! तो दिसला तेव्हाच कळलं, काल माझा लॅपटॉप गुपचूप कोणी उघडला आणि सुटे स्क्रू या कप्प्यांत कोणी ठेवले ते. माझ्याच रंगकामाच्या ब्रशनं त्याच्या आतल्या पंख्याचं पातं न् पातं लख्ख केलंत. मानलं तुम्हाला!

आज मुलाखत तासभर चालली, पण लॅपटॉप ना तापला, ना घुरघुरला. परगावच्या नोकरीचं ऐकल्यापासून माझ्याशी अबोला धरलात, आणि तिच्याच मुलाखतीसाठी एवढा खटाटोप!

नोकरी मिळाली, बाबा. पंखा गप्प केलात, आता तुम्ही बोला.

तुमची ठमी