बस्त्याला नवरी

सांगली, ११ एप्रिल १९७८
संपादकांनी महिला पानासाठी विषय दिला : ‘लग्नाची खरेदी पुण्यात कुठे करावी?’ मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी आमच्या लेकीचा, सुमनचाच बस्ता आहे पुण्यात, सगळं पाहून लिहिते. “मग एकवीस तारखेला मजकूर द्या. नक्की!” माझा मजकूर कधी चुकलाय?

घरी सुमन हटून बसली आहे. “साडी नेसणार मी आणि बघणार सासरच्या, कोरेगावच्या आत्याबाई? मी येणार.” मिरजेला दवाखान्यात नर्स आहे, रजाही मंजूर करून आली. हे म्हणाले, “बस्त्याला नवरी नेतात का कुठं?” माझा बस्ता झाला तेव्हा मी घरी गहू निवडत होते. आली ती मातकट साडी. तीच नेसले.

१५ एप्रिल
सुमन येतेय, असं व्याह्यांना कळवलं होतं. उत्तर नाही. म्हणजे होकारच धरायचा.

१९ एप्रिल
काल पुणे, आम्ही तिघं. चुकलंच माझं, होकार नव्हता.

कोरेगावला त्यांची मंडळी गाडीत चढली. व्याही, त्यांची बायको आणि थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई. त्या घरात शब्द त्यांचाच. नवरदेव जयसिंग लष्करातून रजेवर आलाय, पण रीतीप्रमाणे घरी. सुमनला पाहून आत्याबाई, “आवं, हिला कशापायी आनली?”

लक्ष्मी रोड. पहिल्या दुकानात चहा विचारला नाही म्हणून आत्याबाई उठल्या. दुसऱ्यात पांढरी गादी, लोड, चहा. सुमनला म्हणाल्या, “तू हितंच चपला राख गं.” दुकानदाराने अंजिरी शालू उलगडला. “नवरीबाई कुठं आहेत? खांद्यावर टाकून बघू.”

“नवरी घरी हाय.”

“ही काय मी,” दाराशी उभी असलेली सुमन म्हणाली. सरळ येऊन गादीवर बसली. शालू खांद्यावर घेतला, आरशात पाहिलं. “हा नको. तो मोरपिशी काढा.”

“बया गं! नवरा बी हिनंच निवडला असंल!”

“नाही आत्या, तो तुम्हीच दाखवलात. साडी तरी मला बघू द्या.”

कापड कापणारा नोकर कात्री हातात धरून हसला, तिथेच बिघडलं. “उठा रं समदी!” चहाचे कप गादीवर तसेच. जयसिंगची आई उठली, पण जाताना मोरपिशी पदराला हात लावून गेली. हेही उठायला लागले. मी बसून राहिले. शालू सासरच्यांनी घ्यायचा असतो, आम्हीच घेतला.

परतीला वेगवेगळे डबे.

२१ एप्रिल
सकाळी व्याही आले. माणूस सरळ आहे. “विहीणबाई, आक्का लय रुसल्यात. बस्ता पुन्हा करू. पन या बारीला पोरगी घरी ठेवा. आन् दोन शब्द माफीचं बोला.”

“कशाची माफी मागायची ते सांगा, मागते.”

त्यांनी टोपी सारखी केली. “आता... रीत हाय बगा.”

“रीत आहे, पण चूक कोणती?”

चहा घेऊन गेले. घरी विचारून कळवतो म्हणाले. लग्न मोडलं तर ह्यांना चार लोकांत तोंड दाखवणं जड जाईल. मलाही. सुमनला नाही, असं ती म्हणते; पण आज जेवली नाही.

लेख दिला. रेशमी कुठे, सुती कुठे, भांडी कुठे, तुळशीबागेत घासाघीस किती करावी. शेवटी एक ओळ : ‘नवरीला सोबत न्या आणि गादीवर बसवा.’

संपादक म्हणाले, “बाई, कोरेगावात अंक जातो आपला. लग्न होईपर्यंत ही ओळ बाजूला ठेवू.”

“ही ओळ काढायची तर लेख परत द्या.”

दिला नाही.

२३ एप्रिल
आलं छापून, ओळीसकट. ह्यांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं.

दुपारी जयसिंग दवाखान्याच्या फाटकाशी उभा होता, सुमन सांगत होती. हातात अंक. म्हणाला, “त्या दिवशी माज्या कापडाचं काय झालं?”

“राहिलं.”

“मला कुनी इचारलंच न्हाई. पलटणीत बी न्हाई, घरात बी न्हाई. आपन दोघंच जाऊ या का पुन्याला?”

“आत्यांना सांगून या.”

“सांगायलाच पायजे?”

“माझ्या आईनं पेपरात सांगितलं. तुम्हाला घरात सांगता येत नाही?”

कान लाल झाले म्हणे त्याचे. गेला कोरेगावला.

२५ एप्रिल
निरोप नाही. यावेळी होकार धरलेला नाही.

सुमनने गुरुवारची रजा टाकली. तो आला तर दोघं, नाही तर एकटी जाणार म्हणते पुण्याला.

“एकटी जाऊन काय आणणार?”

“ड्यूटीचे पांढरे बूट. ते कधीचे घ्यायचेत.”