आधी विक्री, मग खरेदी

मुहर्रक, गुरुवार

प्रिय हुस्सा,

सकाळपासून फोन हातात घेते, तुझं नाव काढते आणि परत ठेवून देते. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. तेही धड होत नाही. खिडकी उघडली की उकाडा आत येतो, लावली की जीव गुदमरतो. चहा केला तो तसाच गार झाला. आई वैतागून म्हणाली, “काय गं, घरभर येरझारा घालतेयस? भांडलीस का कुणाशी?” अजून नाही, म्हटलं.

आमची कचेरी दरवर्षी बँकांना नंबर लावते, त्यात तुमच्या बँकेच्या कामगिरीचं मोजमाप यंदा माझ्याकडे आलंय, हे तुझ्या कानावर गेलंच असेल. मी साहेबांना आधीच सांगितलं होतं, तिथली हुस्सा माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे, दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, “अगं, एवढंसं आपलं बेट, इथे कोण कुणाचं ओळखीचं नाही? मोजायला माणसं काय समुद्रापलीकडून आणू?” मग काय, घेतलं. पहिल्या फेरीत तुमची बँक सगळ्यांच्या पुढे होती. खर्च आटोक्यात, बुडीत थोडं, ठेवीदारांच्या वाट्याला नफा भरघोस. खोटं कशाला बोलू, मला तुझा अभिमान वाटला. हा पहिला नंबर टिकला तर महाव्यवस्थापकाची खुर्ची तुझीच, हे बाजारात सगळे बोलतात. त्या खुर्चीत बाई बसलेली मलाही बघायची होती.

पण आमचं मोजणं तिथे थांबत नाही. व्याजावर चालणाऱ्या बँकेत पैसा आला की आला. तुमच्या शरियाने चालणाऱ्या बिनव्याजी बँकेत तो कसा आला, हेही बघावं लागतं. बँकेने वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, घटकाभर का होईना तिची मालक व्हायचं, तेवढ्यात ती मोडली तर तोटा सोसायचा, आणि मगच गिऱ्हाइकाला नफ्याने विकायची. मासळीवाल्यांना दिलेल्या शीतपेट्यांपाशी मी अडले. त्या विकल्या डिसेंबर संपताना, आणि बँकेने घेतल्या जानेवारीत. जी पेटी बँकेची नव्हतीच ती बँकेने विकली. असा नफा बँकेला ठेवता येत नाही, तो सगळा आता दानात जाईल आणि पहिला नंबरही जाईल. एवढंच असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. हळहळले असते, आणि तू चिडून महिनाभर बोलली नसतीस.

तुमच्या बँकेचा खुलासा आला, की ही चूक तुझ्या हाताखाली खरेदी-विक्रीचे कागद करणाऱ्या उम्म खलीलची, आणि तिला कामावरून काढलंय. काल ती मला मासळीबाजारात भेटली. पिशवी तशीच खाली ठेवून म्हणाली, “लुलवा, पोरी, लग्नाआधीपासून हेच काम करतेय मी. मी कागद उलटे करीन का गं? हुस्साला विचार, ती सांगेल.” तुझं नाव तिने तक्रारीने नाही, भरवशाने घेतलं, हुस्सा. शरियाचा नियम मोडल्याचा शिक्का बसल्यावर या वयात दुसरी कुठली बँक तिला दारात उभी करणार आहे? मला तिच्याकडे बघवेना.

कारण मला माहीत आहे. रमजानात तू आमच्याकडे इफ्तारला आली होतीस. बोटांना लुकैमातच्या तळलेल्या गोळ्यांचा पाक, आणि तू हसत हसत सांगत होतीस, “वर्ष संपायला एक दुपार उरलेली, पुरवठादाराचा पत्ता नाही, आणि ही बाई आपली नाही नाही म्हणतेय! मी म्हटलं, उम्म खलील, आज विकून टाका, विकत उद्या घेऊ!” आईला त्यातलं काही कळलं नाही, तरी तुझ्या सांगण्यावर ती पोट धरून हसली. तुझा तो हुकूम तोंडीच होता. त्याचा कुठे मागमूस नाही.

रविवारी कामाचा आठवडा सुरू झाला की माझ्या अहवालावर सही होईल. सहीआधी साहेब प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, की कागदांबाहेरचं काही ठाऊक आहे का. मी नाही म्हणू शकत नाही. दोन दिवस प्रयत्न करून पाहिला, आरशासमोरसुद्धा जमलं नाही. म्हणून विनवते, शनिवारी तुमच्या शरिया मंडळावरच्या धर्मपंडित शेखांकडे जा आणि काय घडलं ते सांग. खुर्ची जाईल, कदाचित नोकरीही जाईल. पण तू सांगितलंस तर उम्म खलील सुटेल आणि ते तुझं स्वतःचं बोलणं असेल. मी सांगितलं तरी ती सुटेल, पण मग माझ्या आईच्या ताटावर बसून तू विश्वासाने बोललेलं मी कचेरीत नेलेलं असेल, आणि तू आमचा उंबरठा पुन्हा चढणार नाहीस. मला ते सोसवणार नाही. माझ्याआधी तू बोल गं.

रविवारनंतरही तुझीच,
लुलवा