गुरुवारचं सोंग

माय, तू मेल्यावर तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. हा गृहपाठ आहे. गोंदियाच्या दवाखान्यात दर गुरुवारी जुन्या दुखण्याच्या माणसांना गोल बसवतात आणि बोलायला लावतात. माझ्या कंबरेच्या गोळ्या कमी करून डॉक्टरनं मला तिथं धाडलं. नागपूरहून येणारी समुपदेशक, माझ्याहून लहान पोरगी, डोळे मिटून श्वास घ्यायला सांगते आणि दुखणं शून्य ते दहात किती ते विचारते. कामठ्याचा एक म्हातारा दर वेळी बारा सांगतो. असल्या लोकांत मी बसते. जो तो आपलं दुखणं तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन दाखवत असतो.

तू असतीस तर दारातूनच थुंकून परत गेली असतीस. कण्हणं म्हणजे तुझ्या लेखी आळस. मी शेताच्या धुऱ्यावरून घसरून कंबरेवर आपटले, त्या दिवशीही तू धानाची रोवणी सोडून बांधीच्या चिखलातून वर आली नाहीस. हातात रोवायच्या पऱ्ह्यांची पेंढी तशीच, आणि सगळ्या बायांसमोर ओरडलीस, "कायले सोंग करून रायली? ऊठ!" बाया हसल्या. मी उठले. तेव्हापासून दुखतंय, आणि तेव्हापासून तुझ्यासमोर मी कधी कण्हले नाही. तुला लेक नको होती, कामाला एक जास्तीची बाई हवी होती.

गेल्या गुरुवारी कोहमाऱ्याच्या ढाब्यावर पोळ्या लाटणारी बाई खांद्याचं सांगता सांगता रडायला लागली. पदर तोंडात, नाक वाहतंय. मला किळस आली आणि तोंडून निघून गेलं, "कायले सोंग करून रायली?"

सगळे वळून बघायला लागले. म्हातारासुद्धा. बाई चिडली नाही. डोळे पुसून म्हणाली, "तुले बी असंच म्हणे का वो कोणी?"

मी नाही म्हणाले. समुपदेशक पोरीला काय कळायचं ते कळलं. तुमचं दुखणं ज्यानं खोटं ठरवलं त्याला पत्र लिहून आणा, पुढच्या वेळी वाचू, असं ती सगळ्यांना म्हणाली. बघत मात्र माझ्याकडे होती.

मी वाचणार नाही. लिहिलंच नाही म्हणेन. वाचलं तर ती रडकी मंडळी माझी बाजू घेतील, हळहळतील, काय आई होती म्हणतील. माझं दुखणं कोणीतरी खरं मानावं म्हणून इतकी वर्षं झुरले, आणि आता मानणारे समोर बसलेत तर ते मला नको झालंय. तुला नावं मीच ठेवीन. दुसऱ्या कोणी ठेवलेली मला ऐकवणार नाहीत, माय.